चार अक्षरं शिकलेला माणूस

आमची आई उठता-बसता म्हणायची, "चार अक्षरं शिक, म्हणजे कुठेही उपाशी मरणार नाहीस." मी आईचं ऐकलं. जरा जास्तच ऐकलं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केली, तालुक्याच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं मुलांना पानांच्या शिरा मोजायला लावल्या. आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की आईच्या मनात असलेली चार अक्षरं म्हणजे बहुधा ए, टी, जी आणि सी असावीत. डीएनएचा सगळा कारभार या चारांवर चालतो. शेवाळापासून लेखापरीक्षकापर्यंत अख्खी जीवसृष्टी तीनशे कोटींहून अधिक वर्षं ही चार अक्षरं विनातक्रार वापरते आहे. भानगड सुरू झाली ती माणसानं ती संगणकाच्या फायलीत उतरवायला घेतल्यावर.

मला हे सगळं कशाला हवं होतं, असं घरातले अजून विचारतात. झालं असं, की मला एक लघुसंशोधन प्रकल्प मिळाला. विषय कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात येणारी नाजूक वेल. तिच्या फुलाचा आकार कंदिलासारखा. बारीक माश्या वासाला भुलून नळीत उतरतात, आतले केस खालच्या दिशेला वळलेले असतात म्हणून त्यांना वर येता येत नाही, आणि ते केस सुकेपर्यंत त्या आत कोंडून राहतात. या माशीची मन:स्थिती मला तेव्हा पुस्तकातून माहीत होती. आता अनुभवानं माहीत आहे.

वीस नमुन्यांच्या पानांचे तुकडे आम्ही बाहेरगावच्या एका कंपनीकडे पाठवले. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी विद्यार्थिनी. कामाची वाटणी साधी होती: काम ती करायची, आणि 'आम्ही केलं' असं मी म्हणायचो. कंपनीनं मॅटके नावाच्या जनुकाचा एक तुकडा वाचून दिला. वनस्पती ओळखण्यासाठी ज्या दोन जनुकांवर २००९ मध्ये शास्त्रज्ञांचं एकमत झालं, त्यांतलं हे एक. दुसरं रुबिस्कोचं, आरबीसीएल. दोन्ही वाचून घ्यायला पैसे पुरेनात, म्हणून मी एकाशीच एकमत केलं.

एके दिवशी मेल आली. मी उघडली. रंगीत डोंगर दिसले: हिरवा ए, तांबडा टी, काळा जी, निळा सी. मी हरखून गेलो. "छान आलंय गं! प्रिंट काढून फ्रेम करू या."

"सर, हे नुसते आलेख आहेत. आपल्याला फास्टा लागेल."

"कशाला? आत्ताच तर डबा खाल्ला."

तिनं दीर्घ श्वास घेतला. तो तिच्या पुढच्या दोन वर्षांतला पहिला दीर्घ श्वास होता. मग समजावलं, की फास्टा हा खायचा पदार्थ नाही आणि टोलनाक्यावर गाडीच्या काचेला चिकटवतात तोही नाही. १९८५ मध्ये लिपमन आणि पिअर्सन या दोघांनी प्रथिनांच्या ओळी जुळवून पाहणारा एक प्रोग्रॅम लिहिला. १९८८ मध्ये त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली, ती प्रथिनं आणि डीएनए सगळंच हाताळायची, म्हणून 'फास्ट-ऑल', म्हणजेच फास्टा. पुढे तो प्रोग्रॅम मागे पडला, पण त्याला माहिती खाऊ घालायची जी पद्धत होती ती मात्र जगभर उरली. म्हणजे आचारी गेला आणि पानं मांडायची रीत तेवढी राहिली.

रीतही काय, तर पहिल्या ओळीत > असं चिन्ह. आम्ही शाळेत त्याला 'पेक्षा मोठे' म्हणायचो आणि बाई सांगायच्या, की मगर मोठ्या आकड्याकडे तोंड उघडते. तर ती मगर काढायची, तिच्यापुढे नाव लिहायचं आणि खालच्या ओळीपासून अक्षरं. संपलं. "एवढंच?" मी म्हणालो. "याला कशाला दोन शास्त्रज्ञ हवेत? आमचा शिपाईही सांगेल." हे वाक्य मी का बोललो याचा पश्चात्ताप मला वेगवेगळ्या तारखांना झालेला आहे.

पहिला पश्चात्ताप नावाचा. नाव हा आपल्याकडे कधीच साधा विषय नसतो. माझंच नाव आधार कार्डावर आडनाव शेवटी, पॅन कार्डावर आडनाव आधी आणि वीजबिलावर आडनावात एक अक्षर जास्त असं आहे. तीन कार्यालयांच्या मते मी तीन माणसं आहे, त्यांतला एक थकबाकीदार. तरी मला वाटलं, वनस्पतींची नावं लॅटिन असतात, तिथे गोंधळ नसेल. मी मोठ्या हौसेनं वीसही मगरींसमोर पूर्ण नावं टाईप केली. 'सेरोपेजिया', मग एक जागा सोडून 'लॉई', ही हरिश्चंद्रगडावरची. 'सेरोपेजिया', जागा, 'महाबळेई', ही जुन्नरजवळची. प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं: तुमच्याकडे वीस वेली आहेत आणि वीसही जणींचं नाव सेरोपेजिया.

"सर, बरेच प्रोग्रॅम नाव पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतच वाचतात."

"म्हणजे आडनाव वाचून नाव सोडून देतात?"

"हो."

"आमच्या शाळेतल्या हजेरीसारखं. 'पाटील!' म्हटलं की अकरा जण उठायचे."

मग आम्ही मोकळ्या जागेत खाली आडवी रेघ घातली. आता जुळण्यांवरून वंशवृक्ष काढायचा होता. त्यासाठी फायलिप नावाचा प्रोग्रॅम आहे. जो फेल्सेनस्टाइन या अमेरिकी प्राध्यापकांनी १९८० पासून तो जगाला फुकट वाटला. त्यांच्याबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. त्याचा मूळ नियम स्पष्ट आहे आणि माहितीपत्रकात छापलेला आहे: नावाला दहा अक्षरांची जागा. अकरावं अक्षर आलं की ते नावात धरलं जात नाही. मी माहितीपत्रक वाचलं नव्हतं, कारण मी प्राध्यापक आहे; आम्ही माहितीपत्रकं वाचायला लावतो. आता रोमन लिपीत सेरोपेजिया या नावाची अक्षरं मोजा. नऊ. अधिक आडवी रेघ. दहा. वीस वेली पुन्हा एकदा एकाच नावानं हजर!

शेवटी 'सी' आणि पुढे जातीचं नाव असं ठरलं. यात एक गंमत झाली. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. महाबळे यांच्या सन्मानार्थ दिलेलं नाव लॅटिन व्याकरणापायी 'महाबळेई' झालेलं होतं. सी, आडवी रेघ आणि ते नाव मिळून अकरा अक्षरं होतात. दहाला कापल्यावर शेवटचा 'ई' गळाला आणि बरोबर 'महाबळे' उरले. लॅटिननं त्यांना लावलेलं शेपूट संगणकानं काढून परत दिलं. संपूर्ण प्रकल्पात कुणाला न्याय मिळाल्याची ही एकमेव नोंद.

या दिवसांत मला एक वाईट खोड लागली. मी इतरांच्या फायली पाहू लागलो. आपल्या घरात कचरा असला की शेजाऱ्याच्या खिडकीतून डोकावण्यात जे समाधान असतं, ते मला मिळू लागलं. हायडेलबर्गला युरोपियनांनी १९८० मध्ये अशा अक्षरांचं कोठार उघडलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेत जेनबँक सुरू झाली. दोघांकडे माहिती तीच. रोजच्या रोज एकमेकांना देतात-घेतात, जपानचं कोठारही त्यात आहे. पण लिहायची पद्धत? अमेरिकी फायलीत साठ-साठ अक्षरांची ओळ, दहा-दहाचे सहा गट, आणि अक्षरांचा मोजणीआकडा ओळीच्या डाव्या टोकाला. युरोपियन फायलीत साठ-साठ अक्षरांची ओळ, दहा-दहाचे सहा गट, आणि आकडा ओळीच्या उजव्या टोकाला. दोन जावांनी एकच आमटी करावी आणि एकीनं गूळ आधी, दुसरीनं नंतर घालावा, आणि दोघींनी एकमेकींच्या आमटीला 'बरी आहे' म्हणावं, तसं हे चाळीस वर्षं चाललंय. एका बाबतीत मात्र दोघींचं जमतं: नोंद संपली की शेवटी दोन तिरक्या रेघा. आपल्याकडे पोथीत अध्याय संपल्यावर दोन उभे दंड देतात. त्यांचे जरा कलले, इतकंच.

ओळीत साठ किंवा ऐंशीच अक्षरं का, हे मी विद्यार्थिनीला विचारलं. ती म्हणाली, जुन्या संगणकांचे पडदे ऐंशी अक्षरं रुंद होते. ते का? तर त्याआधी भोकं पाडलेली कार्डं होती, त्यांत ऐंशी रकाने होते. म्हणजे पडदे गेले, कार्डं गेली, भोकं पाडणारे निवृत्त होऊन पेन्शनवर गेले, आणि एकविसाव्या शतकातली माणसं कांद्याचा जीनोमसुद्धा तेवढ्याच रुंदीत मोडून लिहितात. आता कांद्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो: कांद्याचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट मोठा आहे. सुमारे सोळाशे कोटी अक्षरं. ही बातमी मी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा आमचे अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "त्यातली निदान एक टक्का तरी भाव स्थिर ठेवायला वापरायची."

दुसरा पश्चात्ताप स्प्रेडशीटचा. नमुन्यांना मी गावावरून क्रमांक दिले होते. जुन्नरचे नमुने इंग्रजी पहिली तीन अक्षरं घेऊन 'जुन-१' ते 'जुन-४'. यादी स्प्रेडशीटमध्ये टाकली, बंद केली, पुन्हा उघडली, तर चारही नमुने एक जून ते चार जून झालेले. शिवनेरीचा परिसर पंचांगात जमा! मी रागानं लालबुंद झालो, पण विद्यार्थिनीनं धीर दिला. म्हणाली, "सर, हे मोठमोठ्यांचं झालंय." माणसाच्या शरीरात सेप्टिन नावाच्या प्रथिनांची जनुकं आहेत. त्यांची लघुनावं 'सेप्ट-१', 'सेप्ट-२' अशी होती आणि दुसऱ्या एका घराण्याची 'मार्च-१', 'मार्च-२'. स्प्रेडशीटनं त्यांच्या सरसकट तारखा केल्या. २०१६ मध्ये कुणी तरी चिकाटीनं तपासलं, तर अशा जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत हा घोळ सापडला. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं काय करावं? सॉफ्टवेअर बदलायला सांगितलं नाही. जनुकांचीच नावं बदलली! लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव बदलतात, ते सासूला हाक मारायला सोपं जावं म्हणून, तोच न्याय. मीही जुन्नरचं 'जेएनआर' केलं. जुन्नरकरांनी क्षमा करावी.

मग ओळींच्या शेवटाचं प्रकरण. माझ्या विंडोजच्या संगणकावर सुरेख दिसणारी फाईल विद्यापीठाच्या लिनक्स संगणकावर टाकली की प्रोग्रॅम म्हणायचा, यात एक अनोळखी अक्षर आहे. मी डोळे फाडून पाहिलं. ए, टी, जी, सी. अनोळखी कुणी नाही. विद्यार्थिनी म्हणाली, ते दिसत नाही पण असतं. मी म्हटलं, असं फक्त देवाबद्दल बोलतात. तर खुलासा असा: विंडोज ओळ संपवताना दोन अदृश्य खुणा ठेवतं, लिनक्स एकच. आणि या दोन खुणांचं मूळ कुठे, तर टाईपरायटरमध्ये. एक खूण गाडा मागे ढकलण्याची, दुसरी कागद एक ओळ वर सरकवण्याची. हे ऐकून माझे डोळे पाणावले. १९८७ च्या सुट्टीत मी टायपिंगच्या क्लासला जात होतो. ओळ संपली की घंटी 'टिंग' वाजायची, आणि दांडी ओढून गाडा खाडकन मागे न्यायचा. त्या टाईपरायटरचं भूत माझ्या कंदीलपुष्पाच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला बसून गाडा ओढत होतं, हे कळल्यावर राग कसा येणार?

विद्यार्थिनी यापुढची फास्टक्यू नावाची फाईलही शिकवायला निघाली होती. त्यात प्रत्येक अक्षराला गुण दिलेले असतात, म्हणजे हा 'जी' किती खात्रीचा वगैरे. आणि गुण आकड्यांत न देता खुणांत देतात, म्हणजे जागा वाचते. मला प्राध्यापक म्हणून कल्पना आवडली. पण पुढे ती म्हणाली, की गुण द्यायच्या दोन पद्धती चालायच्या. एकीत 'बी' हे अक्षर म्हणजे तेहतीस गुण, उत्तम. दुसरीत तेच 'बी' म्हणजे दोन गुण, नापास. आणि कुठली पद्धत वापरली ते फायलीवर लिहिलेलं नसायचं. "हे तर आपल्या पुनर्मूल्यांकनासारखं झालं," मी म्हणालो आणि तो धडा तिथेच मिटला.

आता भाऊसाहेबांकडे येतो. भाऊसाहेब आमचे हेडक्लार्क. त्यांच्या दृष्टीनं फाईल म्हणजे पुठ्ठा, लेस आणि वर जावक क्रमांक. सरकारी मराठीत तिला नस्ती म्हणतात, आणि हा शब्द ज्यानं काढला त्याला नसती उठाठेव म्हणजे काय याची पूर्ण जाण असावी. प्रकल्पाचं विनियोग प्रमाणपत्र द्यायचं होतं, लेखापरीक्षक येऊन बसले होते. मला बोलावणं आलं.

"सर, हे अठरा हजारांचं बिल. काय खरेदी केलंत?"

"अक्षरं."

"कसली?"

"ए, टी, जी, सी."

"किती नग?"

मी हिशेब केला. वीस नमुने, प्रत्येकी आठशे चाळीस. "सोळा हजार आठशे."

लेखापरीक्षकांनी कॅल्क्युलेटर ओढला. "म्हणजे अक्षराला एक रुपया सात पैसे. बाजारभावाची तीन दरपत्रकं आहेत?" ती होती. भाऊसाहेबांनी डेड स्टॉक रजिस्टर उघडून गंभीर अक्षरात लिहिलं: 'अक्षरे (इंग्रजी), नग १६,८००.' मग लेखापरीक्षकांची नजर पडद्यावरच्या फायलीवर गेली. "यात हे 'एन' कुठून आले? तुम्ही चारच म्हणालात."

"एन म्हणजे माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही, मला माहीत आहे. एन म्हणजेच 'माहीत नाही'."

"कुणाला?"

"कुणालाच. जिथे यंत्राला ए की टी की जी की सी ते वाचता येत नाही, तिथे एन लिहायचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे."

"असे किती आहेत?"

"एक्केचाळीस."

लेखापरीक्षकांनी चष्मा काढला. "म्हणजे जी वस्तू काय आहे हे पुरवठादाराला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, अशा एक्केचाळीस नगांचे प्रत्येकी एक रुपया सात पैसे तुम्ही अदा केलेत?"

मला तेव्हा मार्गारेट डेहॉफ या बाईंची फार आठवण झाली. संगणकावर प्रथिनं साठवायची सोय व्हावी म्हणून त्यांनी अमिनो आम्लांची लांबलचक नावं मोडून प्रत्येकाला एकेक अक्षर दिलं, १९६५ मध्ये पासष्ट प्रथिनांचा छापील कोशही काढला. अडल्या जागी त्यांनी काय युक्त्या केल्या! फेनिलअॅलनिनला 'एफ', कारण उच्चार तसा. ट्रिप्टोफॅनला 'डब्ल्यू', कारण रेणू ऐसपैस तसं अक्षरही ऐसपैस. अशा बाईंनी लेखापरीक्षकालाही काही तरी सुचवलं असतं. मला काही सुचलं नाही. भाऊसाहेब मात्र शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही पेन ड्राइव्ह ठेवून जा. तीन प्रतींत हार्ड कॉपी काढून जोडतो. मी बघतो काय ते." संध्याकाळी बिल मंजूर. भाऊसाहेबांना मी चहा पाजला आणि विषय विसरलो.

यानंतर भाद्रपद आला. विद्यार्थिनी गणपतीला कोकणात गेली, जिथे डोंगराआड मोबाईलला रेंज नाही. जाताना बजावून गेली, "सर, फायलीला हात लावू नका." दोन महिने खपून, रंगीत डोंगर एकेक तपासून तिनं अक्षरं सुधारली होती. ती सुधारलेली एकच फाईल माझ्या संगणकावर होती. शेजारी माझ्या जुन्या प्रती होत्या: 'अंतिम', 'अंतिम२', 'खरंच अंतिम' आणि 'हेच पाठवायचं', सगळ्या सुधारणेपूर्वीच्या.

मला फक्त मोजायचं होतं. फायलीत वीस नावं आहेत ना, एवढंच. तिला मी करताना पाहिलं होतं: काळ्या खिडकीत 'ग्रेप' लिहायचं, मोजायला सांगायचं, मगर काढायची, फायलीचं नाव द्यायचं, म्हणजे किती मगरी आहेत ते तो सांगतो. मी लिहिलं. फक्त मगरीभोवती अवतरणचिन्हं घालायला विसरलो. त्या काळ्या खिडकीत उघड्या मगरीचा अर्थ वेगळा असतो: 'जे काही उत्तर येईल ते या फायलीत ओत.' आणि ओतण्यापूर्वी, भांडं स्वच्छ असावं म्हणून, आतलं सगळं आधी फेकून देतात. मगरीनं मोठ्या आकड्याकडे तोंड उघडलं आणि सोळा हजार आठशे अक्षरं गिळली. फायलीचा आकार: शून्य. सातवीत मराठीच्या पेपरात अवतरणचिन्हं न दिल्याबद्दल माझा अर्धा गुण गेला होता. तेव्हा आम्ही बाईंना खडूस म्हणालो होतो.

रात्री जेवण गेलं नाही. सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, कुणी गेलं का?" मी सांगितलं, वीस जणी गेल्या. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग त्या तीन प्रती काढल्या होत्या, त्या कुठे गेल्या?"

सकाळी शिपाईमामांना गाठून कपाट उघडवलं. नस्ती होती. लेस होती. सात पानं होती. आणि सातही पानांवर एक इंग्रजी अक्षर नव्हतं. नुसते रफार, वेलांट्या, अर्धे मोडके तुकडे, पानभर. भाऊसाहेबांच्या संगणकावर जुना मराठी फॉन्ट आहे, युनिकोडच्या आधीचा. त्यात कळ इंग्रजीची दाबली तरी देवनागरीचा तुकडा उमटतो. भाऊसाहेबांना फोन लावला. पलीकडे आरतीचे टाळ वाजत होते. "सर, कार्यालयीन कामकाज मराठीतून करायचं परिपत्रक आहे ना! म्हणून सगळं सिलेक्ट करून मराठीत करून घेतलं. रजिस्टरलाही 'अक्षरे (इंग्रजी)' खोडून 'अक्षरे (मराठी)' केलंय."

मी पानं घरी आणून टेबलावर पसरली आणि डोकं धरून बसलो. सौभाग्यवती गहू निवडत होती. तिनं एक पान उचललं. "अहो, या लांब ओळींत चारच चिन्हं आहेत की. काना, वेलांटी, रफार आणि हा अर्धा श."

"चारच?"

"चारच. सगळी पानं बघा."

मला आनंदाचं भरतं आलं. चार चिन्हं, चार अक्षरं! कंपनीकडून आलेली कच्ची फाईल मेलमध्ये होतीच. तिची पहिली ओळ छापील पहिल्या ओळीशेजारी धरली. जिथे काना आहे तिथे ए, वेलांटी तिथे टी, रफार तिथे जी, अर्धा श तिथे सी. पाच मिनिटांत कोडं सुटलं. हे अठ्ठावीस वर्षं शिकवूनही मला कळलं नव्हतं, की पेशीला ए-टी-जी-सीशी काही देणंघेणं नाही. ही आपली सोय. काना-वेलांटीत लिहिलं तरी कंदीलपुष्प उगवतं ते उगवतंच.

पुढच्या तीन रात्री आमच्या घरात गौरींचं जागरण वेगळंच झालं. ती वाचायची, मी टाईप करायचो. "काना, काना, रफार, वेलांटी, अर्धा श, वेलांटी..." शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "मुलाखतीची तयारी का हो? की नातवाचा अभ्यास?" ऐंशीव्या ओळीला सौभाग्यवतीला ताल सापडला आणि ती 'काना काना रफार' भजनाच्या चालीवर म्हणू लागली. मी ओळीमागून ओळ बडवत गेलो. साठ अक्षरं झाली की मनात टिंग वाजायची आणि मी गाडा मागे ओढायचो.

विद्यार्थिनी परत आली. मी खजील होऊन सगळं सांगितलं आणि विजयी मुद्रेनं नवी फाईल पुढे केली. तिनं तिचा नेहमीचा दीर्घ श्वास घेतला. "सर, मी रोज रात्री फाईल मला स्वतःला मेल करते. जाण्याच्या आदल्या रात्रीचीही आहे." मग माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. "पण तुम्ही टाईप केलेली ताडून बघू. एवढे कष्ट घेतलेत."

तिनं दोन्ही फायली समोरासमोर ठेवल्या. सोळा हजार आठशे अक्षरं. तीन रात्रींत आमच्याकडून टायपिंगची एकही चूक झाली नव्हती. फरक निघाले बरोबर एक्केचाळीस. तिच्या फायलीत जिथे जिथे एन होता, तिथे तिथे आमच्या फायलीत ए.

मी तसाच कार्यालयात गेलो. भाऊसाहेब नव्या नस्तीला लेस ओवत होते.

"भाऊसाहेब, त्या प्रिंटमधले एन कुठे गेले?"

"कुठले? ते 'माहीत नाही' वाले? ते भरून घेतले सर. रकाना रिकामा ठेवायचा नाही, असा लेखा विभागाचा नियमच आहे."

"कशानं भरलेत?"

"ए घातला सगळीकडे," भाऊसाहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी नॅकची समिती येतेय ना. ए असलेला बरा."